मुलीचं शेवटचं वाक्य

रग्नाबाईंच्या नाटकांच्या प्रती म्हणजे लख्ख आरसा, असं ऑर्हुस शहरातल्या त्या जुन्या नाट्यगृहात सगळेच म्हणत. एकतीस वर्षं त्या तिथे प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या कडेला, डोकं तेवढं वर येईल अशा खोलगट पेटीत बसायचं आणि नट अडला की हळूच शब्द पुरवायचा. नाटक उतरलं की प्रतीतल्या पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडरबरानं पुसायच्या. पुढच्यांना प्रत कोरी मिळाली पाहिजे. तिथली रीतच तशी, आणि रीतीच्या बाबतीत रग्नाबाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

आता त्या प्रतींचं खोकं नाट्यसंग्रहालयातल्या टेबलावर होतं. हस्तलिखितं सांभाळणारा एस्बेन, चाळिशीचा भलताच सोशिक माणूस, नाटककार व्हिगो स्कौबोच्या अखेरच्या नाटकाची प्रत पान न् पान उजेडासमोर धरून पाहत होता. व्हिगोनं तालमीत उभ्या उभ्या शेवट बदलला होता. तो रग्नाबाईंनी पेन्सिलीनं उतरवून घेतला आणि पंधरवड्यात व्हिगो गेला. छापील पुस्तकात राहिला तो जुनाच, त्याला स्वतःलाच न पटलेला शेवट.

"काहीच दिसत नाही?" रग्नाबाईंनी विचारलं.

"तुमचा हात फार साफ आहे हो," एस्बेन म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, पण तो बसायचा तिथे बसलाच.

त्या नाटकातली नटमंडळी एकेक करून गेली होती. व्हिगोनं भरवशानं आपल्या हाती दिलेलं काम आपणच नीटनेटकेपणाच्या नादात पुसून टाकलं, हे रग्नाबाईंच्या जिवाला लागलं होतं. कॉफी गार होईपर्यंत त्या स्वतःला शिव्या घालत बसायच्या. आज मात्र त्या उमेदीनं आल्या होत्या. सगळं तोंडपाठ आहे, तू फक्त लिहून घे, असं त्यांनी एस्बेनला सांगितलं.

आणि खरंच त्या बोलू लागल्या. बापाची विनवणी, मुलीचा नकार, दारात घुटमळणारा शेजारी. एस्बेनची पेन्सिल धावत होती. बापाचं काम करणारा रोज नेमका कुठे ततपप करायचा, तेही सांगून त्या हसल्या. मग मुलीचं शेवटचं वाक्य तेवढं उरलं.

रग्नाबाई थांबल्या. ओठ हलले, पण शब्द येईना. बाई दमल्या असं वाटून एस्बेननं पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"बाकीचे सगळे कुठे ना कुठे अडायचे, म्हणून माझं पाठ झालं," त्या म्हणाल्या. "मुलीचं काम इन्गर्डचं होतं. अठ्ठेचाळीस प्रयोगांत ती तिथे एकदाही अडली नाही रे. ते वाक्य मला कधी बोलावंच लागलं नाही."

एस्बेननं कागदावर 'मुलगी' एवढं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली.