नऊ वेळा दाबलेलं बटण

माझ्या वहिनीची बेकरी आहे आणि मी तिचा बिननोकरीचा दीर. तीन वर्षं आयतं खाऊन लाज वाटली, म्हणून मी बेकरीसाठी एक प्रोग्राम लिहिला. ओव्हनचं तापमान तोच सांभाळतो आणि काउंटरवरची ऑर्डर आतल्या स्क्रीनवर तोच पोचवतो. ही पोचवापोचवी करणारा मेसेज ब्रोकर मी त्या प्रोग्रामच्या पोटातच बसवला होता. घरात त्याला सगळे निरोप्या म्हणायचे. ओव्हनच्या खोलीच्या दारावर मी नियमही डकवला: ‘स्क्रीनवर दिसल्याशिवाय काहीही भाजायला घालू नये.’ खाली ऐटीत सही.

त्या दिवशी एका हॉस्पिटलची पहिली ऑर्डर होती. तीनशे ब्रेड, चार वाजता. वेळेत दिले तर वर्षभराचं काम, नाहीतर ते दुसरी बेकरी बघणार होते. वहिनीने दोन वाजता काउंटरवर ऑर्डर टाकली. निरोप्या ढिम्म.

आत ब्रेड भाजणारे भट्टीकाका हाताची घडी घालून बसले होते. साच्यांतलं पीठ फुगून कडेवर आलं होतं.

“काका, घाला ना आत!” मी म्हणालो.

“स्क्रीन कोरी आहे, साहेब. दारावर सही तुमचीच ना?”

प्रोग्राम बंद करून चालू करावा तर ओव्हन थंड, पुन्हा तापायला दीड तास. म्हणजे प्रोग्राम चालू ठेवून नुसता निरोप्याच बंद करून उठवायला हवा. त्यासाठी मी खास बटण केलं होतं, वहिनीला कौतुकाने दोनदा दाखवलंही होतं. ते दाबलं. काही नाही. मग घाम फुटला तसा दाबतच सुटलो, एकूण नऊ वेळा.

मग डोक्यात प्रकाश पडला. बटणाचा हुकूम निरोप्यापर्यंत नेण्याचं कामही मी निरोप्याकडेच दिलं होतं. झोपलेल्या माणसाला उठवायची चिठ्ठी त्याच्याच उशाखाली ठेवावी, तसला माझा कारभार.

लॅपटॉप जोडून मी त्याला हाताने थांबवला आणि हाताने उठवला. तो उठला, साठलेल्या निरोपांतला पहिला, म्हणजे माझ्याच बटणाचा, वाचला, ‘थांब’, आणि गुणी बाळासारखा थांबला. आधी हुकूम, मग ऑर्डरी, हा क्रम माझाच. एकही निरोप हरवू नये म्हणून सगळे जपून ठेवायचे, ही अक्कलही माझीच. आता असले नऊ ‘थांब’ संपल्याशिवाय ब्रेडचा नंबर लागणार नव्हता, आणि दर खेपेला पाच मिनिटं जात होती.

तिसऱ्या खेपेला वहिनी दारात आली. “किती वेळ, भावजी?”

“होईल.”

तिने घड्याळ पाहिलं. दारावरचा माझा नियम अलगद सोडवला, त्याच्या पाठीवर पेनाने ‘३०० ब्रेड, चारच्या आत’ लिहिलं आणि तो कागद स्क्रीनवर चिकटवला.

“काका, स्क्रीनवर आलंय बघा.”

काकांनी चष्मा वर सरकवून वाचलं. “आलंय की!” म्हणाले आणि उठून साचे आत सरकवायला लागले.

चारला दहा कमी असताना टेम्पो भरला. हॉस्पिटलचा भांडारवाला गरम ब्रेड दाबून बघून खूश झाला होता. मला वाटलं, आता वहिनी मला सगळ्यांसमोर धुऊन काढणार. मी घाबरत बाहेर आलो.

“हे आमचे भावजी,” वहिनी त्याला म्हणाली. “इथला सगळा प्रोग्राम यांनीच केलाय.”

“वा! मध्येच बंद पडत नाही ना पण?”

“छे! आजही एक मिनिट बंद नव्हता.”

यात खोटं काहीच नव्हतं; प्रोग्राम चालूच होता, बंद होता तो निरोप्या. भांडारवाल्याने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. वहिनी माझ्याकडे न बघता खोकी मोजत राहिली. तिने झापलं असतं तर मी चार उत्तरं तरी दिली असती. आत जाऊन मी निरोप्याला सातव्यांदा उठवलं.