व्यवसायाचा रकाना

त्याने मेहुण्याची निळी बॅग कमरेपर्यंत उचलली आणि सरळ जमिनीवर सोडून दिली. एक चाक निखळलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "तिकडे विमानतळावर गेलं असतं, तर ही काखेत मारून हिंडला असतास."

चाक चांगलं धडधाकट होतं, भाऊजींनी आपटलं म्हणून गेलं, असं मेहुणा कुरकुरला. पण कपाटाखाली हात घालायला वाकलाही तोच.

बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून सात बॅगा उभ्या होत्या आणि परीक्षेत नापास झालेल्या दोन दाराशी आडव्या पडल्या होत्या. मुलीच्या लग्नाला परदेशात जायचं होतं. दोन्हीकडची मिळून चौदा माणसं, तळ्याकाठचं एक छोटं गाव, तिथल्या नोंदणी कार्यालयाची बाग आणि मागे नऊ खोल्यांचं हॉटेल, एवढंच लग्न. खोल्या, फुलं, जेवण हे सगळं मुलगी तिकडूनच ठरवत होती. घरच्यांच्या वाट्याला उरलं होतं ते सामान, आणि सामानाचा विषय निघाला की घरात त्याच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं तो बसस्थानकाच्या जिन्याखाली बसून बॅगा दुरुस्त करत होता. चेन, हँडल, चाकं, कुलपं, पट्टे. लोक त्याला चेनवाले म्हणत. अर्धं शहर त्याने शिवलेल्या बॅगा घेऊन जग फिरून आलं होतं, तो मात्र कधी विमानात बसला नव्हता. आता लग्नाच्या तयारीत पहिला मान त्याच्या धंद्याला मिळाला होता आणि तो मान तो पुरेपूर उपभोगत होता. बायकोने कपाटावर कामांची यादी चिकटवली होती. तिच्यावर, सगळ्यात वर, त्याने ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं होतं: बॅग भरण्याआधी मला दाखवणे.

तो तिसरी बॅग उचलणार, तेवढ्यात मुलीचा फोन आला. बायकोने तो सगळ्यांना ऐकू येईल असा स्टुलावर ठेवला.

मुलगी नेहमीसारखी भरभर बोलली नाही. तिथल्या कार्यालयाने कागद परत पाठवले होते. तिच्या जन्मदाखल्यात वडिलांचा व्यवसाय होता 'व्यापारी', आणि लग्नाच्या अर्जात तिने लिहिलं होतं 'बॅग दुरुस्ती कारागीर'. दोन कागद दोन गोष्टी सांगत होते, आणि तिथले लोक अशा बाबतीत फार काटेकोर. नऊ दिवसांत कागद जुळले नाहीत, तर तारीख गेली. पुढची चार महिन्यांनी. म्हणजे तिकिटं, रजा, हॉटेल, सगळं पाण्यात.

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. एवढंच ना?

"मग तुझ्या अर्जात व्यापारी कर," तो म्हणाला.

"नाही करणार, बाबा."

मेहुणा चाक हातात धरून तसाच उकिडवा राहिला. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच यादीकडे पाहायला लागली. त्याने फोन उचलला, त्याचा स्पीकर बंद करून कानाला लावला आणि गॅलरीत जाऊन मागे दार ओढून घेतलं.

"तिथे ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात म्हणाली होतीस ना?"

"वाचतात. दोघांच्या आईवडिलांची नावं आणि कामं. म्हणूनच तर."

खरी अडचण तीच होती आणि ती सांगायला त्याची जीभ रेटेना. व्याही डॉक्टर, विहीणबाई डॉक्टर. महिन्यापूर्वी व्हिडिओवर ओळखपाळख झाली, तेव्हा विहीणबाईंनी अगदी सहज विचारलं होतं, आपण काय करता. तो जरा खोकला होता आणि "बॅगांच्या व्यवसायात आहे" असं म्हणाला होता. त्या "अरे वा, कारखाना का?" म्हणाल्या, आणि तो पुन्हा खोकला होता. आता त्या कारखान्याचा मालक चौदा माणसांत, बागेमध्ये, परक्या अधिकाऱ्याच्या तोंडून जिन्याखाली येऊन बसणार होता.

"तुझ्या सासूबाईंना मी..." त्याने कशीबशी सुरुवात केली.

"त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलंय, बाबा. तुम्ही खोकलात म्हणून त्या गप्प बसल्या." ती जराशी हसली. "उलट त्यांच्या एका बॅगेचं हँडल गेलंय. लग्नाला येताना आणली तर तुम्ही बघाल का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, विचारून सांगते."

हा मान की अपमान, ते त्याला पटकन ठरवता येईना. थोडा वेळ तो कठड्याचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिला.

"ओढायचं हँडल की उचलायचं?"

"ओढायचं. आत जातं, पण बाहेर येत नाही."

"मग स्प्रिंग गेली असेल. आणू दे त्यांना. हत्यारं मी मोठ्या बॅगेत टाकीन, हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत."

बोलता बोलता त्याचा आवाज दुकानातला झाला होता, हे मुलीच्या लक्षात आलं असावं. ती तिकडे कृत्रिम पाय तयार करणाऱ्या केंद्रात कामाला होती. नवरा मुलगा तिथेच रुग्णांना चालायला शिकवायचा. ती त्या पायांना पट्टे शिवायची, बकलं बसवायची, आणि ती ज्या पायाला हात लावी तो सहसा दुरुस्तीला परत येत नसे, असं तिने स्वतः नाही, होणाऱ्या जावयाने सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून ही गोष्ट त्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली होती. काहींना दोनदा.

"पहिल्या आठवड्यात आमच्या मुख्य कारागिराने माझा टाका बघितला," ती म्हणाली. "कुठे शिकलीस म्हणून विचारलं. काय सांगायला हवं होतं मी? व्यापाऱ्याकडे?"

बघतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. आत आल्यावर मेहुण्याने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. भाऊजी कसले व्यापारी, गिऱ्हाइकाने न नेलेली छत्रीसुद्धा त्यांनी अकरा वर्षं जपून ठेवली आहे, असं तो म्हणाला. एरवी हशा झाला असता. बायको म्हणाली, "चाक बसवून घे आधी."

त्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, की शाळेच्या दाखल्यावर तो शब्द बघितला, तेव्हाच तिला विचारायचं होतं. त्याने मान डोलावली. विचारलं नाहीस ते बरं केलंस, असं काही तो म्हणाला नाही, पण ते तिला कळलं.

मुलगी जन्मल्यावर दोन दिवसांनी तो नोंद करायला गेला होता. रांगेत त्याच्यापुढे कोट घातलेला एक गृहस्थ होता. कारकुनाने व्यवसाय विचारल्यावर गृहस्थ म्हणाला, "व्यापारी", आणि कारकुनाने त्याला बसायला खुर्ची दिली. मग याची पाळी आली. बोटं मेणाने आणि दोऱ्याच्या रंगाने काळी झालेली होती. ती त्याने खिशात घातली आणि तोच शब्द उच्चारला. खुर्ची मिळाली नाही. शब्द मात्र चिकटला तो चिकटलाच, शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टच्या अर्जापर्यंत मुलीच्या मागे मागे फिरत राहिला. त्यामुळे कुणाचं वाकडं झालं नाही, की भलंही झालं नाही.

सकाळी त्याने लग्नासाठी शिवलेला शर्ट घातला. कपाटातून चामड्याची जुनी पिशवी काढली. तिच्यात दुकानाचे तीस वर्षांचे परवाने होते, दर वर्षी नवा केलेला एकेक, तारखेनुसार लावलेले. प्रत्येकावर एकच मजकूर होता: बॅग, छत्री व चेन दुरुस्ती. इतकी वर्षं ते त्याने कुणाला दाखवले नव्हते, कारण कुणी मागितलेच नव्हते.

नोंदणी कार्यालय तेच होतं, रंग तेवढा बदलला होता. खिडकीमागे एक तरुण बाई बसली होती. तिने परवान्यांचा गठ्ठा बघितला आणि दोनतीन पुरतील असं म्हणाली. त्याने सगळेच पुढे सरकवले. तिने एकेक उलटून पाहिला. तोपर्यंत तो दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवून उभा होता. बोटं तशीच काळी होती, थोडी जास्तच.

"नोंद चुकीची कुणी केली होती?" तिने विचारलं.

"मीच."

तिने एक अर्ज पुढे केला. नाव, पत्ता, जुनी नोंद, नवी नोंद. नव्या नोंदीत त्याने मुलीने लिहिलेलेच शब्द लिहिले, त्याच क्रमाने. सगळ्यात खाली रकाना होता: दुरुस्तीचे कारण.

"तिथे 'नजरचुकीने' लिहा," बाई म्हणाली. "सगळे तेच लिहितात. लगेच मंजूर होतं."

त्याने लिहायला सुरुवात केली. 'नजर' एवढं लिहून झाल्यावर पेन थांबलं. मागच्या माणसाने रांगेतून मान काढून पाहिलं. त्याने लिहिलेला शब्द एका रेघेने नीट खोडला, आणि दुसरा अर्ज मिळेल का, असं विचारलं. बाईने कपाळाला आठ्या घातल्या, पण अर्ज दिला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं भरलं. शेवटच्या रकान्यात तो बराच वेळ लिहीत होता. रकाना होता दीड ओळीचा. मजकूर मावेना, तेव्हा तो समासातून वर चढत गेला.

बाईने अर्ज घेतला. समासातल्या ओळींसाठी तिला कागद आडवा धरावा लागला.

'नजरचूक नव्हती. मी खोटे सांगितले होते. मुलगी तेव्हा दोन दिवसांची होती. मोठी झाल्यावर तिला माझ्या कामाची लाज वाटेल, असे मला वाटले. तिला लाज वाटली नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. मग शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि एकही अक्षर झाकलं जाणार नाही अशी जागा त्या भरलेल्या कागदावर शोधत राहिली.