अकरा सेकंद कुणाचे

हृदयाची झडप दगडासारखी कडक झाली आहे, हे किनुएला कळून तीन आठवडे झाले होते. वय सत्त्याऐंशी, वजन छत्तीस किलो. अमागीच्या डोंगरात वाहत्या पाण्याच्या, पायऱ्यांसारख्या वाफ्यांमध्ये वसाबीची, म्हणजे झणझणीत मुळांची, रोपं लावण्यात तिचा जन्म गेला होता. या वसंतात चौथ्याच वाफ्यात घेरी आली आणि ती पाण्यात मटकन बसली.

छाती न कापता, जांघेतल्या शिरेतून नळी सरकवून नवी झडप बसवता येते, असं डॉक्टर हिराओका म्हणाले होते. पण त्याआधी अंगातला जोर बघतात. मूठ आवळून दाखवायची आणि पाच मीटर चालून दाखवायचं. ते तिनं मागच्या सोमवारी केलं. आज निकाल होता.

डॉक्टरांनी खुर्ची वळवली ती तिच्या मुलाकडे, मसनोरीकडे.

"आईंचं चालणं फार मंद आहे. सहा सेकंदांच्या आत हवं, त्यांना अकरा लागले. एवढ्या थकलेल्या माणसाला झडप बसवून फारसं हाती लागत नाही. औषधांवरच ठेवावं, असं आमच्या बैठकीत ठरलं."

"आपण म्हणाल तसं," मसनोरी म्हणाला आणि लवला. साठी ओलांडलेला माणूस, पण डॉक्टरपुढे शाळेतला पोर. सून चिहारुही लवली. किनुएची मानही सवयीनं अर्धी खाली गेली होती. ती तिथंच थांबली.

"अकरा सेकंद कुणाचे?"

"तुमचेच, आजी."

"माझ्या एकटीचे नव्हेत. शेजारी हा चालत होता." तिनं दाराशी उभ्या असलेल्या निनोमियाकडे बोट दाखवलं. व्यायाम करवून घेणारा तरुण, गळ्यात सेकंदाचं घड्याळ. "हा हळू चालला म्हणून मी हळू चालले. दवाखान्यातल्या साहेबाच्या पुढं कशी जाऊ?"

निनोमियाचे कान लाल झाले. "पण आजी, तुम्ही हळू चालत होता म्हणून मी पाय आवरला. म्हाताऱ्या माणसाला मागं टाकून कसं जायचं?"

चिहारुनं तोंडावर हात धरला, तरी हसू फुटलंच. "दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि निकाल लागला सासूबाईंचा."

"आई, पुरे आता," मसनोरी पुटपुटला. "डॉक्टरांच्या तोंडावर असं बोलतात का? लोक काय म्हणतील?"

"मयतीला येतील तेव्हा म्हणू देत."

या घरात आल्यापासून ती मागंच चालली होती. आधी सासऱ्याच्या, मग नवऱ्याच्या. पाठीवर मुळांची टोपली, पुढं नवरा. तो रेंगाळला की हिनं पाऊल आखडायचं. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण पावलांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली. "आणि या खेपेला कुणी बरोबर यायचं नाही."

"आजी, बैठकीचं मत एकदा पडलं की..."

"बैठकीतल्या कितीजणांनी मला चालताना पाहिलंय?"

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं. मग तो बाजूला ठेवला आणि निनोमियाला खूण केली.

बाहेर फरशीवर दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. किनुएनं दवाखान्याच्या सपाता काढून बाजूला ठेवल्या. निनोमियानं घड्याळ उचललं आणि ती निघाली. तिसऱ्या पावलाला छातीत दाब आला. ओळखीचा होता. तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दुसरी पट्टी आली, गेली, आणि ती भिंतीला जाऊन टेकली.

"साडेपाच," निनोमिया म्हणाला.

"बसा आधी," डॉक्टर धावत आले.

"बसते." श्वास जमायला वेळ लागला. "आता मला सांगा. त्याला नको, मला. छाती माझी आहे."

डॉक्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. "तुमच्यासारख्या त्रासात नुसत्या औषधांवर निम्मी माणसं दोन वर्षं काढत नाहीत. झडप बसवली तरी या वयात शंभरातली दहाएक वर्षभरात जातात. कुणाला अर्धांग होतं, कुणाला पेसमेकर लागतो. तुमची चण लहान, शिरा बारीक. सगळ्यात लहान झडप घ्यावी लागेल."

"आणि जगतात त्यातले कामाला किती लागतात?"

"तो आकडा माझ्याकडे नाही."

"मग मी लागले की लिहून ठेवा."

"आई," मसनोरीचा आवाज चिरकला. "टेबलावरच काही झालं तर? घरी निवांत राहा ना. आम्ही आहोत की."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रीतीपेक्षा भीतीनंच त्याची मान आधी खाली गेली होती, हे तिला आता कळलं.

"भिऊन तू मला निवांत बसवशील आणि मी बसल्याबसल्या मरेन," ती म्हणाली. "ते मला नको."

डॉक्टर उठले आणि फेरविचाराचा अर्ज घेऊन आले. "गुरुवारी बैठकीत मी स्वतः मांडतो. होच म्हणतील, अशी हमी देत नाही." सवयीनं त्यांनी कागद मसनोरीपुढे धरला. किनुएनं तो ओढून घेतला, मांडीवर ठेवला आणि वरच्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. खालची ओळ घरच्यांची होती. मसनोरीनं खिशातून सहीच्या जागी उमटवायचा शिक्का काढला आणि तो हातातच धरून बसला.

किनुए त्याच्यासाठी थांबली नाही. गुरुवारी बैठक किती वाजता असते, ते ती निनोमियाला विचारत होती. तिला बैठकीच्या दाराबाहेर बाकावर येऊन बसायचं होतं.