चालू असल्याचा शेरा

साहेब येणार होता दहाला. साडेबारा झाले तरी पत्ता नाही, आणि तिखटीनं डोक्यात राख घालून घेतलेली.

तिखटी म्हणजे पाणचक्कीवाल्याची मुलगी. नाव वेगळंच, पण तोंड असं की गावानं हेच ठेवलं. बापाचे गुडघे गेल्यापासून चक्की तीच बघायची. बघायची म्हणजे काय, झाडून ठेवायची. दळण घेऊन येतंय कोण? विजेच्या गिरणीत पाच मिनिटांत पीठ.

त्यात पाणी खात्याची नोटीस आली. साहेब येऊन बघणार. चक्की चालू दिसली तर पाटाचं पाणी राहील, बंद दिसली तर सगळं पाणी पाइपात.

म्हणून तिनं सकाळीच पाटाचं पाणी अडवणारी फळी उचलली, चाक फिरवलं आणि घरात होता तेवढा गहू दगडांत ओतला. तो आत्ता संपला.

"घास संपला ना? फळी टाक," बाबा खाटेवरून म्हणाले. त्यांना आवाजावरून कळायचं.

"आणि साहेबानं थांबलेलं चाक बघितलं म्हणजे?"

"परत सोड."

"परत सोड म्हणे! लगेच गती धरतंय का ते? सकाळी ढकलून ढकलून माझी कंबर गेली. तुम्ही येताय ढकलायला?"

बाबा हळूच म्हणाले, "पोरी, रिकामा दगड दगडालाच खातो."

"दहा मिनिटांत काय होतंय? आलाच असेल तो."

दहा मिनिटांचे दोन तास झाले. दगड आधी कडकड वाजले, मग किरकिरले, मग जळका वास सुटला. तिनं दोनदा फळीला हात लावला, दोनदा काढून घेतला. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

अडीचला साहेब आला. बूट ओले होतील म्हणून दारातूनच डोकावला. "वा, फिरतंय की!" फोटो काढला, कागदावर 'चालू' असा शेरा मारला आणि गेला. पाणीसुद्धा नाही प्यायला.

तिखटी नाचायचीच बाकी होती. "बघा! उगाच माझा जीव खात होतात."

दोन दिवसांनी आत्या आली, काखेत गव्हाची पिशवी. "चक्की वाचली म्हणे. म्हटलं, पहिलं दळण आपल्या घरचं."

पीठ पडलं ते राखाडी. आत्यानं चिमूट तोंडात टाकली आणि थू करून बाहेर आली. "अगं, पीठ आहे का वाळू?" हसायला गेली, पण तिखटी पहार शोधायला लागली होती.

दोघींनी पहार लावून वरचा दगड उलटला. दाणा भरडायला टाकीच्या छिन्नीनं पाडलेले चरे सगळे गेलेले. दगड आरशासारखा गुळगुळीत. टाकी लावून नवे चरे पाडणारा म्हातारा पाच वर्षांपूर्वीच गेला. त्याचा मुलगा टेम्पो चालवतो.

बाबा भिंत धरधरून आले. खाली बसले, दगडावर तळवा फिरवला.

"शिव्या द्या ना बाबा," तिखटी ओरडली. "द्या की!"

"कुठल्या तोंडानं देऊ? दोन तास ऐकत पडलो होतो. फळी चार पावलांवर. आत्ता आलो तसा तेव्हा आलो असतो." त्यांनी हात झटकला. "पण मलाही वाटलं, येऊ दे साहेब."

तिखटीनं पहार भिंतीला टेकवली.

"ठेवा तो दगड परत जागेवर," बाबा म्हणाले. "असा उघडा बघवत नाही."