साडेअकराची नोंद

…हिरवा ठिपका उघडझाप करत होता. घड्याळ तिच्या तळहातावर पालथं पडलेलं, आणि त्याच्या पोटातला तो उजेड कातडीवर पडत होता, मिटत होता, पुन्हा पडत होता – कुणाचं तरी मनगट हुडकत असल्यासारखा. नवंकोरं होतं, पट्ट्याला अजून रबराचा वास येत होता. सह्या झालेल्या फायलींचा गठ्ठा पुढे सरकवता सरकवता साहेबांनी ते तिच्या हातावर ठेवलं होतं, मान वर न करता. "हे घ्या मावशी. आधीचं बिघडलेलं होतं हो, उगाच सगळ्यांना घाबरवलं," असं म्हणाले होते, आणि ती म्हणाली होती, "बरं साहेब."

बरं साहेब! दहा दिवस साहेब रजेवर होते, दहा दिवस ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती – भांडी घासताना, गाडा ढकलताना, उशीवर डोकं टेकल्यावर – की समोर आले की असं म्हणायचं, मग ते तसं म्हणतील, मग आपण असं तोंडावर फेकायचं… आणि आयत्या वेळी तोंडातून निघालं काय, तर बरं साहेब. जीभ झडली असती तरी चाललं असतं. आणि म्हणे मावशी! बावन्न वर्षांचा घोडा एकोणपन्नास वर्षांच्या बाईला मावशी म्हणतो, आणि ती मुकाट ओ देते. बावीस वर्षं देते आहे. राग नक्की कुणाचा यायला हवा, त्यांचा की स्वतःचा, हे तिला कळेना. म्हणून तिने गाड्याला एक सणसणीत धक्का दिला आणि गाडा दारावर जाऊन आपटला.

"सावकाश मावशी," आतून साहेबांचा आवाज आला.

सावकाश म्हणे. घरं-दुकानं बांधायच्या परवानग्या देणारं ऑफिस. तळमजल्यावर लोक नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन येतात, पहिल्यावर त्या तपासतात, दुसऱ्यावर साहेब सही करतात आणि चौथ्यावर सगळं रेकॉर्डला जमा होतं. लिफ्ट मात्र तिसऱ्यापर्यंतच. चौथा मजला मागाहून चढवलेला – अख्ख्या दुनियेच्या नकाशांत चुका काढणाऱ्यांना स्वतःच्या घरात लिफ्ट वाढवायची आठवण राहिली नाही. म्हणजे गाडा तिसऱ्यावर ठेवायचा आणि पुढच्या चोवीस पायऱ्या गठ्ठे छातीशी धरून चढायच्या. दिवसातून बारा वेळा, कधी पंधरा. हे नकाशावर कुठे दाखवलेलं नाही.

पाच महिन्यांपूर्वी वरून फर्मान आलं होतं. कर्मचाऱ्यांचं आरोग्य! प्रत्येक विभागप्रमुखाला एक घड्याळ, रोज दहा हजार पावलं, महिन्याअखेर क्रमवारी, पहिल्याला चषक. साहेबांनी दोन दिवस घालून पाहिलं. खुर्ची ते लिफ्ट, लिफ्ट ते मोटार – आकडा काही बाराशेच्या वर सरकेना. तिसऱ्या दिवशी तिला आत बोलावलं. "मावशी, माझे गुडघे तर तुम्हाला माहीतच आहेत. तुम्ही नाहीतरी फिरताच. तेवढं हातात असू द्या, संध्याकाळी परत करा." नाहीतरी! जन्मभराचं चालणं माणसाने एका शब्दात निकालात काढावं. पण तेव्हा तिला राग आला नव्हता. खोटं कशाला बोलायचं, तेव्हा तिला गंमत वाटली होती. मनगटाला लावून, वर बाही ओढून ती दिवसभर फिरली, आणि संध्याकाळी साहेबांनी आपला फोन तिच्यापुढे धरला, घड्याळातलं सगळं त्यात दिसायचं – चौदा हजार दोनशे बारा. बाई गं. बावीस वर्षांत कुणी मोजलं नव्हतं. घरी नाही, इथे नाही. तिला एकदम भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून ती म्हणाली, "साहेब, तुमचे गुडघे आज फार दुखतील हं." दोघंही हसली होती.

…आणि खरी बोच तिथेच आहे. कुणी सांगितलं होतं दुसऱ्या मजल्यापासूनच जिना धरायला? साहेबांनी नाही सांगितलं. मीच धरला. मीच लिफ्ट सोडली, गाडा दुसऱ्यावरच ठेवून दोन दोन खेपांना गठ्ठे वाहिले, जेवणाच्या सुट्टीत उगाच आवाराला फेऱ्या घातल्या, आणि संध्याकाळी लहान पोरीसारखं विचारलं, आज किती झाले हो साहेब? सतरा हजार म्हटले की रात्री पाय चेपून घेताना मुलीला सांगावंसं वाटायचं, आणि सांगता यायचं नाही, कारण ती सतरा हजार पावलं काही माझी नव्हती. चषक मिळाला तेव्हा साहेब इच्छाशक्तीवर पंधरा मिनिटं बोलले. मनात आणलं तर माणूस काय करू शकत नाही, म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून प्रवचन! मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. ट्रे खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे आठवलं की अंगाची लाही होते.

आवक-जावकच्या टेबलापाशी ती थांबली. या टेबलावरची बाई तिच्या बरोबरीने नोकरीला लागलेली. ऑफिसात तिला 'अगं' म्हणणारं एवढं एकच माणूस. त्या बाईने हिच्या मनगटाकडे पाहिलं. बोलता बोलता, रागावता रागावता, हाताने आपलं आपणच ते घड्याळ केव्हा चढवलं, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"परत घातलंस? अगं, लाज नाही का तुला?"

"दिलं त्यांनी."

"विष दिलं असतं तर?" मग आवाज खाली आणून, "डॉक्टरकडे गेलीस का?"

"काय सांगू जाऊन? आता काही होत नाही मला."

"तुझी ताईपण हेच म्हणायची."

ताईचं नाव काढायला नको होतं. ताई एक्कावन्नाव्या वर्षी नळाखाली भांडी घासता घासता बसली ती उठलीच नाही. नळ तासभर तसाच वाहत होता, म्हणून शेजारीण बघायला आली. छातीत कधीकधी मासा उडी मारल्यासारखं होतं गं, असं ताई वर्षभर आधी म्हणाली होती, आणि सगळ्यांनी – तिनेही – दगदग कमी कर म्हणून सांगितलं होतं. तिने गठ्ठा उचलला आणि निघाली.

साहेब रजेवर जायच्या आधीचा तो मंगळवार. तिसऱ्याच्या वरच्या जिन्यात नकाशांच्या गुंडाळ्या छातीशी धरलेल्या, आणि आत तसाच तो मासा… एकदा, दोनदा, मग थांबेचना, नुसता तडफडाट. डोळ्यांपुढे काळं आलं. ती तिथेच पायरीवर बसली, गुंडाळ्या मांडीवर घेऊन, कठड्याला डोकं टेकून. पाच मिनिटं, सात मिनिटं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. मग हळूहळू सगळं ओसरलं, तिने तोंड पुसलं आणि खाली आली, तर दुसऱ्या मजल्यावर ही धावपळ! साहेब बैठकीत बसले होते, त्यांचा फोन वाजला, आणि त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं – हृदयाचे ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा. वाचलं आणि छातीवर हात गेला. दुखायलाच लागलं म्हणे. घाम फुटला, हातपाय गार पडले. पाच महिने पावलं आपलीच समजून मिरवलेला माणूस, त्याला ठोकेही आपलेच वाटले! घड्याळ आपल्या हातात नाही, एवढंसुद्धा घाबरलेल्या डोक्यात राहिलं नाही. दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर ती पोट धरधरून हसली असती.

पण तेव्हा तिने काय केलं? गर्दीत घुसली, त्यांच्या गळ्याचं बटण काढलं, आणि अँब्युलन्सवाले वर येण्याआधी बाहीआडून ते घड्याळ काढून त्यांच्या मनगटाला बांधलं. त्यांची लाज राखली. चषकाची अब्रू राखली. पट्टा अडकवताना त्यांनी डोळे उघडले होते. माझ्याकडे बघितलं. मग मनगटाकडे. मग परत माझ्याकडे – आणि डोळे मिटून घेतले.

त्या मिटलेल्या डोळ्यांवर ती दहा दिवस अडली होती. कळलं असेल का? भीतीने माणूस आंधळा होतो, नसेलही कळलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, हृदय घोड्यासारखं आहे, डॉक्टर म्हणाले. मग घड्याळच बिघडलं असं त्यांना खरंच वाटलं असेल. तसं असेल तर एवढ्या शिव्या देणं बरोबर नाही… सकाळपासून राग चढत होता आणि दर वेळी या 'असेल'पाशी येऊन पचका होत होता. बावीस वर्षांच्या मिठाला जागायची खोड. ती काही सुखासुखी जात नाही.

दुपारी तिसऱ्यावर गाडा लावून ती गठ्ठा उचलू लागली तेव्हा वरची फाइल घसरली. वैद्यकीय रजा, मंजूर, रेकॉर्डला. वर साहेबांचं नाव, बाजूला लाल शाईत गोपनीय. बावीस वर्षांत तिने कुणाच्या फायलीची नाडी सोडली नव्हती. दहावीपर्यंत शिकलेली, वाचता सगळं येत होतं, पण डोळे फक्त आवरणापुरते ठेवायचे, हा तिचा स्वतःचा नेम होता. चार-पाच पायऱ्या चढून ती बसली आणि नाडी सोडली.

तिसऱ्या कागदावर ती स्वतःच होती. चौकटींच्या कागदावर एक रेघ, कुठे गर्दी केलेली, कुठे धाप लागल्यासारखी लांब पडलेली – वेळ साडेअकरा, पुरुष, वय बावन्न. तिने बोट फिरवलं त्या रेघेवरून. पुढच्या कागदावर डॉक्टरांचं टिपण होतं, टाइप केलेलं, स्वच्छ: घड्याळातील नोंद रुग्णाच्या तपासणीशी जुळत नाही. त्या वेळी घड्याळ अन्य कोणाच्या हातात होते काय, असे रुग्णास दोन वेळा विचारले. रुग्णाने दोन्ही वेळा 'नाही' असे सांगितले. नोंद दुसऱ्या व्यक्तीची असल्यास त्या व्यक्तीस तातडीने तपासणीसाठी आणावे.

दोन वेळा. डॉक्टरने दोन वेळा विचारलं. गादीवर पडून, सलाईन लावून, बायको उशाशी बसलेली असताना या माणसाने दोन वेळा आठवलं असणार – तो जिना, ती बाही, तो पट्टा अडकवणारा हात – आणि दोन वेळा नाही म्हटलं. कशासाठी? एका पितळी चषकासाठी! माझं हृदय बंद पडलं तरी चालेल, यांचा चषक कपाटात उभा राहायला हवा. आणि बरे होऊन आले ते नवं घड्याळ घेऊन. माहीत असून. मुडद्या, माहीत असून माझ्या हातावर ठेवलंस! मान वर का केली नाहीस ते आत्ता कळलं. कानशिलं तापली होती, आणि आत ठोके सुटले होते धावत. हे संतापाचे की त्या दुखण्याचे, कोण सांगणार?

फोन वाजला. साहेब.

"मावशी, बसलात का कुठे? आकडा हलत नाहीये," आवाज हसरा होता. केबिनमध्ये आणखी कुणीतरी असावं.

"हो साहेब. बसलेय. जिन्यात."

तिकडचं हसू जरा कमी झालं. "बरं… वाटतंय ना?"

हा प्रश्न त्यांना सुचला, म्हणजे ते जवळ आले होते. आणखी एक वाक्य. ती कठडा धरून थांबली. मावशी, चुकलो, मावशी, डॉक्टरकडे जाऊन या, मी गाडी देतो – काहीही. अजूनही, हा कागद मांडीवर असताना, तिला वाटलं की ते बोलले तर आपण माफ करून टाकू, आणि त्या वाटण्याचीच तिला किळस आली.

"तुमच्या रजेची फाइल आहे हातात," ती म्हणाली. "वाचतेय."

केबिनचं दार लागल्याचा आवाज आला.

"ती गोपनीय असते, मावशी," साहेब हळू म्हणाले. "लगेच रेकॉर्डला देऊन टाका."

तिने फोन ठेवला. गंमत म्हणजे शिवी आली नाही. दहा दिवस जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं म्हणून जे एवढं अडून बसलं होतं आत, ते तिथे नव्हतंच. राग होता, चांगला धगधगत होता, पण दुसऱ्या मजल्याकडे जायला निघालेला नव्हता. त्याच्या खाली, इतका वेळ दडपून ठेवलेली भीती होती, आणि तिला आता ती लपवावीशी वाटेना. मला मरायचं नाहीये, तिने सरळ स्वतःशी म्हटलं. असं वाक्य तिने जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

टिपणाच्या माथ्यावर डॉक्टरांचा नंबर होता. तिने एक एक आकडा फोनवर दाबला आणि शेवटच्यापाशी थांबली. बोलायचं कसं? "डॉक्टर, ती नोंद माझी आहे." पुटपुटून पाहिलं, आवाज चिरकला. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

"काय म्हणालात हो?" वरून रेकॉर्डवाल्याने कठड्यावर वाकून विचारलं.

जिना असा होता की इथला शब्द पार तळमजल्यापर्यंत जायचा. दुसऱ्यावर तर केबिनमध्ये बसूनही ऐकू यायचा. हे तिला बावीस वर्षं माहीत होतं, म्हणून इथे ती नेहमी कुजबुजत बोलायची. ठोके अजून धावत होते. तिने कागद छातीशी धरला, मान वर केली, आणि आवाज जराही खाली न आणता तिसऱ्यांदा म्हणाली,

"ती नोंद माझी आहे."