सोळा इंचांची कमान

मी बोलतेय ती एका लोखंडी कपाटातून. चिकपेटेतल्या एका कापडाच्या दुकानावर खोली आहे, त्या खोलीत हे कपाट, आणि कपाटाच्या तळाला, जुन्या बॅनरच्या गुंडाळ्यांमागे मी. दोन उभे पाय आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी, एवढंच माझं रूप. मी एक कमान आहे, बीगल कुत्र्यांची उंची तपासणारी. देशभरातल्या बीगलांनी माझ्याखाली उभं राहून माझा निकाल घेतलाय. आज माझं कुणी ऐकत नाही, कारण कपाटाची किल्ली यशोवर्धनच्या खिशात आहे.

माझा जन्म याच पेठेतला. यशोवर्धनचे वडील विठोजीराव हे खालच्या दुकानाचे मालक. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, घरात मराठी आणि गल्ल्यावर कन्नड. या भल्या माणसाला बीगलचं वेड लागलं. लांब कान, तीन रंग, आणि खाण्याचं नाव काढलं की देहभान विसरणारी ही जात आपल्याकडे शुद्ध राहावी म्हणून त्यांनी एक राष्ट्रीय क्लब काढला, 'अखिल भारतीय बीगल परिवार'. नाव अखिल भारतीय. पहिल्या सभेला माणसं सात, त्यातली तीन घरचीच. विठोजीरावांच्या पत्नी गोजराबाई सगळ्यांना चहा करता करता सभासद होऊन गेल्या.

क्लब म्हटला की नियम आलेच. बीगल खांद्यापाशी सोळा इंचांपेक्षा उंच असता कामा नये, असा नियम झाला. मग मोजायचं कशानं? विठोजीराव मागच्या गल्लीतल्या यल्लाप्पा सुताराकडे गेले.

"सोळा म्हणजे सोळा, यल्लाप्पा. केसभर कमी नको, केसभर जास्त नको."

"सरी अण्णा," यल्लाप्पा मान डोलावत म्हणाला. "कुत्रं वाढंल, माझं लाकूड वाढणार नाही."

त्यानं मला जुन्या सागवानातून काढलं, चार वेळा मापलं आणि पायांत पितळी टोपणं घातली. मी दिसायला साधी होते, पण बरोबर होते, आणि त्याचा मला भारी ताठा होता.

माझं काम सोपं. कुत्र्याला सपाट फळीवर उभं करायचं आणि मला वरून त्याच्या खांद्यावर आणायचं. माझे दोन्ही पाय फळीला टेकले की कुत्रा पास. दांडी खांद्यावरच अडली आणि पाय अधांतरी राहिले की बाद. दोनदा बाद झालेल्याचं नाव क्लबच्या नोंदवहीतून कायमचं जातं, आणि त्याच्या पिल्लांना कधीच कागद मिळत नाहीत. सगळ्यांत आधी मी मोजली ती विठोजीरावांची स्वतःची तुतारी. भरल्या हाडांची, खणखणीत आवाजाची कुत्री. पावणेसोळा इंच. माझे पाय अलगद टेकले आणि विठोजीरावांनी तिला अख्खा म्हैसूरपाक दिला.

मग मी खूप फिरले. पुणे, कोलकाता, चेन्नई, इंदूर. कुत्र्यांपेक्षा मला माणसांचीच गंमत वाटायची. आपल्या कुत्र्याला मोजताना मालक स्वतः गुडघ्यांत वाकायचे, जणू ते खाली गेले की कुत्राही खाली जाईल. कुणी श्वास रोखायचा, कुणी देवाचं नाव घ्यायचा. बीगलला मात्र एकच काळजी, समोरच्या बाईंच्या पर्समध्ये बिस्किटं आहेत का. दर शोच्या सकाळी विठोजीराव माझ्या पायाला पोलादी पट्टी लावून बघायचे आणि मान डोलवायचे. तेवढं झाल्याशिवाय त्यांनी मला कधी कुत्र्याच्या अंगाला लावलं नाही.

पुढे ते अंथरुणाला खिळले. क्लब यशोवर्धनकडे आला आणि पोलादी पट्टी टेबलाच्या खणात गेली.

अकरा वर्षांपूर्वी एका शोला ओल्या गवतावर मी दिवसभर उभी होते. एक पाय खालून फुगला, चिरला. मी डगमगायला लागले. यशोवर्धननं याच खोलीत करवत घेतली. खराब पाय अर्धा इंच कापला, आणि दोन्ही सारखे हवेत म्हणून चांगला पायही तेवढाच कापला. पितळी टोपणं परत ठोकली. मला टेबलावर उभं केलं, हलवून पाहिलं. मी हलले नाही.

"अप्पा, कमान नीट केली बघा," तो शेजारच्या खोलीत ओरडला. "स्वल्प तासली, एवढंच."

विठोजीरावांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. महिन्याभरात ते गेले. यशोवर्धननं माझे दोन पाय एकमेकांशी ताडून पाहिले होते, पट्टीशी नाही. खोट त्याच्या मनात नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. कापलेले दोन तुकडेही त्यानं फेकले नाहीत. हे कपाट पुढे झुकायचं, त्याचं दार आपोआप उघडायचं. ते तुकडे त्यानं कपाटाच्या पुढच्या दोन पायांखाली सारले. तेव्हापासून दार घट्ट बसतं.

आणि मी झाले साडेपंधरा इंचांची. तोंडानं सगळे मला सोळाच म्हणत होते.

चांगली, भरल्या हाडांची कुत्री माझ्याखाली बाद व्हायला लागली. मला ओरडावंसं वाटायचं. पण लाकडाला जीभ नाही. दांडी अडायची आणि पंच मान हलवायचे. लोकांनीही मग लहान चणीची पिल्लं निवडायला सुरुवात केली. क्लबच्या अंकात 'आमचा सुबक बीगल' म्हणून लेख आला. यशोवर्धनच्या घरची बारकी कुत्री एकामागून एक चँपियन झाली. तो अध्यक्ष झाला. अख्खी जात माझ्या चुकीच्या मापात बसण्यासाठी अंग चोरत होती, आणि हे फक्त मला कळत होतं.

गेल्या वर्षी चिवडा आला. शहराच्या टोकाला बेळ्ळंदूरला मुलीकडे राहणाऱ्या नंदकिशोर काकांचा कुत्रा. तीन रंगांचा, म्हणून चिवडा. तुतारीच्या वंशातला कागदपत्रांसह उरलेला हा शेवटचा, आणि अंगकाठीही थेट तिचीच. पहिल्या खेपेला मी त्याच्या खांद्यावर अडले. काका सरकारी कारखान्यात तेहेतीस वर्षं मापाची उपकरणं तपासत होते. घरी जाऊन त्यांनी चिवड्याला सात दिवस रोज मोजलं. रोज पावणेसोळा.

दुसऱ्या खेपेला मी पुन्हा अडले. तेव्हा त्यांनी विचारलं, "ही कमान शेवटची कधी तपासली होती, साहेब?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं!

"ती आमच्या अप्पांची कमान आहे," यशोवर्धन म्हणाला. "तिला तपासायचं म्हणजे अप्पांनाच तपासायचं झालं." पण बोलता बोलता त्याची नजर माझ्या पितळी टोपणांवर गेली, आणि तिथेच थांबली.

घरी आल्यावर त्यानं खण उपसून पोलादी पट्टी काढली आणि मला लावली. एकदा, दोनदा, तीनदा. मग तो जमिनीवर बसला आणि बराच वेळ रडला. मला त्याची दया आली. अकरा वर्षांची कुत्री त्याच्या डोळ्यांपुढून जात असतील. आता हा सगळ्यांना पत्र लिहील, असं मला वाटलं. त्यानं मला उचललं, इथे ठेवलं आणि किल्ली फिरवली. मला मोडायचा धीर त्याला झाला नाही, मी वडिलांची वस्तू ना.

गेल्या रविवारी काकांच्या तक्रारीवर याच खोलीत सभा झाली. पत्र्याच्या दारामागे मी सगळं ऐकत होते.

"बाद करायचं तर करा," काका म्हणाले, "पण कमान समोर ठेवून करा."

"कमान हरवली," यशोवर्धन म्हणाला. "शोहून येताना गाडीत राहिली."

"हरवली?" चहा घेऊन आलेल्या गोजराबाई दारातच थांबल्या. "ह्यांची कमान हरवतेय कशी रे, यशू?"

"हरवली, अम्मा. तू चहा दे."

कमान नाही म्हटल्यावर आधीचा निकाल कायम झाला. चिवड्याचं नाव वहीतून खोडलं, आणि तुतारीचा वंश कागदावर तिथेच संपला. काकांपुढे सहीला कागद आला.

"असेल," काका हळूच म्हणाले. "वय झालं. डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. माझीच पट्टी चुकली असेल."

तेहेतीस वर्षं दुसऱ्यांची मापं बरोबर करणाऱ्या माणसानं माझ्यापायी स्वतःला चुकीचं म्हटलं. आत पडल्या पडल्या मी लाजेनं मेले.

तेवढ्यात कपाटापाशी फुसफुस ऐकू आली. चिवडा! साखळी ताणून तो कपाटाच्या पायाशी आला होता. त्यानं तिथलं लाकूड हुंगलं, दाराची फट हुंगली, परत लाकूड हुंगलं, आणि मान वर करून असा सूर लावला की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं दचकली असतील. थेट तुतारीचा आवाज. गोजराबाईंच्या हातातल्या कपबश्या वाजल्या.

"उंदीर असेल," कुणीतरी हसून म्हणालं. यशोवर्धन हसला नाही.

"चल चिवड्या," काका म्हणाले. "तिथं काही नाही." त्याची नखं फरशीवर घासत दारापर्यंत गेली.

तेव्हापासून मी इथेच आहे. दार हलत नाही. माझ्याच पायांच्या तुकड्यांनी ते घट्ट बसवलंय. मला बाहेर काढा, असं मी म्हणत नाही, किल्लीही मागत नाही. या खोलीत तुम्ही कधी आलात, तर कपाटापाशी जरा खाली वाका. पुढच्या दोन पायांखाली सागवानाचे दोन तुकडे दिसतील. त्यांना पट्टी लावा. अर्धा अर्धा इंच भरतील. मग बेळ्ळंदूरला जाऊन नंदकिशोर काकांना कुणीतरी एवढं सांगा, की तुमची पट्टी बरोबर होती.