मिशी की मासे

एकोणीसशे एक्क्याण्णव साल. काका बस कंपनीतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले आणि लेकीने दोघांना आठवडाभर समुद्रावर धाडलं. काकूंचा जन्म शिवणयंत्रावर मान मोडण्यात गेलेला. त्यांची एकच हौस होती, पाण्याखालचे मासे बघायचे. ताटातले नव्हे, फिरते.

खडकांच्या कुशीत पाणी छातीइतकंच होतं. शिकवणारी पोरगी लेकीच्या वयाची, पण जिभेला धार. नाकडोळे झाकणारे काचेचे मास्क आणि श्वासाच्या नळ्या हातात देत तिने बजावलं, "जोडीने जायचं, जोडीने यायचं. एकट्याने कुणी उतरायचं नाही. उद्यापासून वारा फिरतोय, मग बंद. काय ते आज."

काकूंचा मास्क चपखल बसला. काकांनी मात्र डोकं बुडवलं की आत पाणी. पट्टा आवळला, मास्क बदलला, तरी पाणी. काका रेड्यासारखे फुरफुरत वर यायचे.

"दोष मास्कचा नाही, मिशीचा आहे," पोरगी म्हणाली. "केसांतून पाणी शिरतं. काढा ती."

"ही मिशी? अगं, हिला बघून फुकटे चालत्या बसमधून उड्या टाकायचे!"

"मासे तिकीट काढत नाहीत, काका."

काकू हसल्या नाहीत. नळी पेटीत ठेवत म्हणाल्या, "राहू द्या. लग्न झाल्यापासून त्या मिशीचंच ऐकत आलेय. आजही ऐकते."

काका तरातरा न्हाणीघरात गेले. काकू वाळूत पाय पसरून बसल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि काकू ताडकन उठून उभ्या राहिल्या. मान खाली.

"चहा टाकू का, सासूबाई?"

तोंडातून निघूनच गेलं. तोच आखूड ओठ, तीच नाराज जिवणी! सासूबाईंना जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि आता त्या हाफ पँट घालून पुढ्यात उभ्या.

"काय म्हणालीस?" काका गुरगुरले.

"काही नाही. चला."

पाण्यात मान घातली तर शाळा सुटल्यागत मासे! निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. काकूंनी हरखून शेजारी पाहिलं. सासूबाई डोळे वटारून, तोंडात नळी धरून तरंगत होत्या. काकूंना हसू फुटलं. हसताना गाल सुरकुतले आणि त्यांच्याच मास्कमध्ये भसकन पाणी.

"आता तुझ्या गालांना काय झालं?" काका वर येऊन ओरडले.

दोनदा असंच झालं. पोरगी किनाऱ्यावरून हाका मारू लागली, भरती येतेय. तेव्हा काकूंनी मनाशी ठरवलं, ह्यांच्याकडे बघायचंच नाही. काकांचा हात घट्ट धरला, नजर खाली लावली आणि पोटभर मासे पाहिले.

मिशी परत आली, पण पांढरी. खाऱ्या पाण्याचा गुण, असं काका सांगत सुटले. ते फार चढले की काकू नुसतं "बरं, सासूबाई" म्हणायच्या. काका गेले ते मिशीसकट. ती पोरगी आता आजी झाली, आणि मिशीवालं गिऱ्हाईक आलं की आधी वस्तरा पुढे करते. काकू लेकीकडे असतात. सकाळची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. निळा मासा आधी आला की पट्ट्यांचा, यावर मात्र कुणाशीही भांडायला तयार.